पंचांच्या हातातील घड्याळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलमध्ये एखादा निर्णय विरोधात गेला की ‘पंच विकला गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. 2006 मध्ये इटलीत उघडकीस आलेल्या, पंचांच्या नेमणुकांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात युव्हेंटससारख्या बलाढ्य संघाची रवानगी खालच्या श्रेणीत झाली होती, त्यामुळे असा संशय नेहमीच खोटा असतो, असे मी म्हणणार नाही. मात्र प्रामाणिक पंचाच्या हातूनही यजमान संघाला झुकते माप मिळते, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

इंग्लंडमधील संशोधकांनी 40 पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील 47 प्रसंगांचे चित्रीकरण दाखवले होते, काहींना प्रेक्षकांच्या गलक्यासह आणि इतरांना आवाज बंद करून. गलका ऐकणाऱ्या पंचांनी यजमान लिव्हरपूलविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. जर्मनीतील अभ्यासात तर असे दिसले की, ज्या स्टेडियममध्ये मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, तेथे हा पक्षपात कमी होतो. मी स्वतः काही वर्षे स्थानिक सामन्यांत लाइनमनचे काम केले आहे. पाठीमागे चार हातांवर उभी असलेली शेकडो माणसे एकाच वेळी ‘ऑफसाइड’ म्हणून ओरडली की घामेजल्या मुठीतला झेंडा आपसूक वर जातो, आणि तो निर्णय डोळ्यांनी दिला की कानांनी, हे घरी आल्यावरही सांगता येत नाही.

सर्वांत उघड पक्षपात भरपाई वेळेत, म्हणजे खेळ थांबल्यामुळे वाया गेलेल्या वेळेबद्दल पंच शेवटी जी मिनिटे वाढवून देतात त्यात, दिसतो. स्पेनच्या लीगमधील सामने तपासले असता, यजमान संघ एका गोलने मागे असताना पंच अधिक वेळ देतात आणि तो एका गोलने पुढे असताना लवकर शिट्टी वाजवतात, असे आढळले. चित्रीकरण पाहून पंचांना मदत करणाऱ्या व्हीएआरचा येथे उपयोग नाही. ती यंत्रणा गोल, पेनल्टी, लाल कार्ड अशा ठरावीक प्रसंगांपुरती आहे. फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या इनडोअर फुटबॉलमध्ये, घड्याळ स्वतंत्र वेळाधिकाऱ्याच्या हाती असते, तशीच व्यवस्था व्यावसायिक फुटबॉलमध्येही व्हायला हवी. नियम बदलेपर्यंत निदान आपल्या क्रीडा पानावर, गोल करणाऱ्या खेळाडूंच्या नावांबरोबरच, प्रत्येक सामन्यात किती मिनिटांची भरपाई वेळ दिली गेली, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर