उत्तर न सांगता निघून गेलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण मे महिन्यात प्रतापनगरच्या त्या तापलेल्या खोलीत, घरघरणाऱ्या कूलरसमोर बसून तुम्ही आम्हा चौघांसाठी जे केलंत, त्याचे आभार तेव्हा नीट मानायचे राहिले. तुमची पुण्याची ट्रॅव्हल्स होती आणि ऑटोवाला खालून हॉर्न वाजवत होता.

फायनल इयरला स्वतःचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायचं म्हटल्यावर कॉलेजात बहुतेकांनी ‘काहून डोक्याला ताप करून घेता बे’ असंच म्हटलं होतं. तुम्ही आलात त्या दिवशी तेच खरं वाटायला लागलं होतं. कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरची काही तक्रार नव्हती, पण शेवटच्या पायरीवर ते तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवणारा लिंकर आडवा यायचा: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू कर्नल_मेन’, म्हणजे या नावाचं फंक्शन सापडत नाही. फंक्शन तर समोर स्क्रीनवर लिहिलेलं! एकजण स्पेलिंग तपासत होता, दुसरा सगळं पुसून पुन्हा बिल्ड करत होता. तुम्ही कोडची फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणालात, ‘सोर्स काय पाहत बसलात? लिंकर सोर्स वाचत नाही. तो जे वाचतो, ते वाचा.’

मग एनएम, म्हणजे लिंकर वाचतो त्या फाइलींतली नावं दाखवणारं साधन, चालवायला लावलंत. असेम्ब्लीतल्या बूट कोडच्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये (कंपाइल होऊन तयार झालेल्या तुकड्यात) कर्नल_मेनच्या आधी यू, म्हणजे हे नाव हवंय. मेनच्या फाइलमध्ये टी, म्हणजे ते इथे आहे. पण टीच्या पुढचं नाव होतं ‘अंडरस्कोर झेड ११ कर्नल_मेन व्ही’. तुम्ही त्यावर बोट ठेवून विचारलंत, ‘हे ११ कुठून आलं?’ आम्ही अक्षरं मोजली. अंडरस्कोर धरून बरोबर ११. फाइल सी प्लस प्लसची होती, त्यामुळे कंपायलरने नावाला आपला साज चढवला होता: आधी लांबी, शेवटी फंक्शनला काही पॅरामीटर नाहीत हे सांगणारा व्ही. असेम्ब्लीतून मात्र आम्ही साधं नाव पुकारत होतो. नाव साधंच ठेवायला सांगणारा एक ‘एक्स्टर्न सी’ जोडला आणि एरर गेला.

तो गेला आणि लगेच दुसरा आला, ‘स्टॅक_चेक_फेल’. हे नाव आमच्यापैकी कुणी कधी टाइपही केलं नव्हतं. कोण मागतंय ते पुन्हा एनएमनेच दाखवलं: ज्या फंक्शनमध्ये कॅरेक्टरचा लोकल अ‍ॅरे होता, त्याच्या फाइलीत यू. उबुंटू लिनक्सवरचं जीसीसी, म्हणजे आमचा कंपायलर, स्टॅक प्रोटेक्टर (अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं गेलं तर पकडणारी तपासणी) आपणहून चालू ठेवतं आणि त्याला लागणारं फंक्शन लिनक्सच्या सी लायब्ररीत असतं. ती लायब्ररी आमच्या कर्नलला कुठून असणार? एक फ्लॅग देऊन तो एरर दाबता आला असता. तुम्ही म्हणालात, ‘दाबता येईल, पण हा कंपायलर लिनक्ससाठी प्रोग्रॅम बनवणारा आहे, तो असे पाहुणे आणतच राहणार.’ आधी बिनयुटिल्स (लिंकर, असेम्ब्लर वगैरे साधनं), मग जीसीसी असा क्रॉस कंपायलर, म्हणजे लिनक्स गृहीत न धरता आमच्या कर्नलसाठी कोड बनवणारा कंपायलर, बांधण्यात संध्याकाळ गेली. मला तेव्हा ते फाजील वाटलं होतं. आज वाटत नाही.

मेमकॉपीचं, म्हणजे मेमरीतला डेटा एका जागेहून दुसरीकडे उतरवणाऱ्या फंक्शनचं, थोडक्यात सांगतो. कोडमध्ये मेमकॉपी कुठेच नसताना लिंकर ते मागत होता, कारण एक स्ट्रक्चर दुसऱ्यात नुसतं असाइन केलं तरी जीसीसी त्याचा मेमकॉपी करू शकतं. फ्रीस्टँडिंग, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराविना चालणाऱ्या, बिल्डमध्येसुद्धा मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शनं आपण द्यावीत अशी त्याची अपेक्षा असते. दिली.

टायमरच्या ६४ बिटी आकड्याला भागताना लिंकरच्या एररमध्ये ‘यूडिव्हडीआय३’ हे नाव आलं. ३२ बिटी प्रोसेसरवर हा भागाकार एका सूचनेत होत नाही, म्हणून कंपायलर लिबजीसीसी या आपल्याच मदतनीस लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. लायब्ररी दिली होती, तरी एरर तोच! तेव्हा तुम्ही पंगतीचं सांगितलंत: वाढपी एकदाच फिरतो, तो समोर असताना मागाल ते मिळेल, पुढे गेल्यावर ओरडून उपयोग नाही. कमांडमध्ये लिबजीसीसी आमच्या ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिली होती, म्हणजे लिंकर तिच्यापाशी होता तेव्हा कुणी काही मागितलंच नव्हतं. ती शेवटी नेली आणि काम झालं.

पण सगळ्यात जास्त आठवतं ते ज्यात लिंकर एक अक्षर बोलला नव्हता ते. लिंक झालं, क्यूएमू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सुरू झालं आणि कर्नल लोड करणारा ग्रब म्हणाला, मल्टिबूट हेडर, म्हणजे ग्रबला कर्नलची ओळख पटवणारी छोटी नोंद, सापडला नाही. तुम्ही तेव्हा बॅग भरत होतात. तिथूनच म्हणालात, ‘मॅप फाइल काढा आणि पहिलं पान वाचा.’ लिंकरने काय कुठे ठेवलं याच्या त्या यादीत ‘डिस्कार्डेड इनपुट सेक्शन्स’ (टाकून दिलेले भाग) या मथळ्याखाली आमचा हेडर पडलेला होता. बिल्डमध्ये न वापरलेले सेक्शन झाडून टाकणारा पर्याय चालू होता आणि त्या हेडरकडे कोडमधून कुणीच बोट दाखवत नव्हतं. त्याला वाचतो फक्त ग्रब, तोही कर्नल सुरू होण्याआधी, आणि फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटांतच शोधतो. लिंकरच्या दृष्टीने ती अडगळ होती. लिंकर स्क्रिप्टमध्ये (काय कुठे बसवायचं ते लिंकरला सांगणाऱ्या फाइलीत) त्या सेक्शनला ‘कीप’, म्हणजे ‘टाकू नको’, कसं लावायचं आणि १ एमबीच्या पत्त्यावर सगळ्यांच्या आधी त्याला कसं बसवायचं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. ‘शोधा’ म्हणालात आणि जिना उतरलात. राग आला होता, खोटं कशाला बोलू. रात्री उशिरा स्क्रीनवर आमची पहिली ओळ उमटली तेव्हा तुमची गाडी अमरावतीच्या पुढे गेली असेल.

त्या दिवसाबद्दल आम्हा चौघांकडून मनापासून आभार. काकूंनी पाठवलेल्या तर्री पोह्यांबद्दलही. डबा अजून माझ्याकडेच आहे, या रविवारी नेऊन देतो.

सध्या कर्नल ६४ बिटवर नेतोय आणि ‘रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट’ने, म्हणजे लिंकरने भरायचा पत्ता दिलेल्या जागेत मावत नाही या एररने, घेरलंय. कर्नलला पत्त्यांच्या अगदी वरच्या २ जीबीत बसवलं, पण कंपायलर सगळं खालच्या २ जीबीत आहे असं धरून चालला होता. पत्ते कुठल्या भागातले धरायचे ते ठरवणारं कोड मॉडेल ‘कर्नल’ केल्यावर सीच्या फाइली शांत झाल्या. बूटची असेम्ब्ली अजून भांडतेय, ३२ बिटी रिलोकेशनमध्ये वरचा पत्ता मावत नाही म्हणून. तिच्यासाठी खालच्या पत्त्यावर वेगळा सेक्शन करतोय. दिवाळीला घरी याल तेव्हा दाखवू. तोवर फोन केला तरी उत्तर सांगू नका.

आपला,
प्रतापनगरच्या खोलीतला, कीबोर्ड न सोडणारा