हरिहरच्या पायऱ्यांवर शिट्टीवाला हवा

मा. संपादक,

गेल्या रविवारी आम्ही सहा मित्र हरिहर गडावर गेलो. सगळे पन्नाशीतले, एकाचा गुडघा कुरकुरणारा. पहाटे पाचला सिडकोतून निघालो, त्र्यंबकला चहा घेतला आणि खोडाळ्याच्या रस्त्याने निरगुडपाड्यात पोचलो, तर सातलाच गाडी लावायला जागा नाही. कॉलेजात असताना इथे गडाची वाट विचारायला माणूस शोधावा लागे. लोक येतात याचं दुःख नाही. घराघरांतून पोहे आणि पिठलं-भाकरी विकली जाते, चार पैसे पाड्यात राहतात, हे चांगलंच. माझं म्हणणं फक्त पायऱ्यांबद्दल आहे.

गड समुद्रसपाटीपासून साधारण ११२० मीटर उंच. डोंगराच्या सोंडेवरून चालत गेलं की समोर कातळाची भिंत आणि तिच्यात कोरलेला सरळसोट जिना. चढ जवळजवळ ८० अंशांचा, रुंदी जेमतेम. पायऱ्यांच्या कडांना बोटं रुतवायला खोबण्या आहेत, त्यांच्याच आधाराने चढायचं. उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे, आणि पायाने चाचपडत खालची पायरी शोधायची. वरून एकाने अडवलं तरी खालची फौज खोळंबते, असा हा जिना. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जही या चढाने थक्क झाला होता. आता फौजही आपणच आणि अडवणारेही आपणच.

त्या दिवशी चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी जिन्यावर होते. मी मध्यावर. उजव्या हाताच्या खोबणीत पावसाचं पाणी आणि कुणीतरी कोंबलेला वेफर्सचा कागद. वरून एक मुलगी उलट्या पावलांनी उतरत होती. तिचा बूट माझ्या बोटांपासून वीतभर वर थांबला.

"काका, हात काढा ना."

"काढतो गं, पण धरू कुठे?"

तिलाही हसू आलं. पोटरी मात्र लटलट कापत होती. खालून एक जण "चला की, चला!" म्हणून ओरडत होता. (त्याचं रील चालू होतं, हे नंतर कळलं.) दहा-बारा मिनिटं आम्ही तसेच चिकटून. शेवटी तीच बिचारी पुन्हा महादरवाजापर्यंत वर चढली, तेव्हा आमची रांग हलली.

पायथ्याला आमच्याकडून माणशी पैसे घेतले, पावतीही दिली. म्हणजे माणसं मोजली जातात. मग पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी जिन्याच्या तळाशी एक आणि महादरवाजात एक, असे पाड्यातलेच दोन तरुण शिट्टी देऊन का बसवू नयेत? वीस माणसं वर, मग वीस खाली. घाटात रस्त्याचं काम चालू असलं की झेंडेवाला करतो तेच. महादरवाजाच्या पुढे वाकून जायची कोरीव वाट आणि पुन्हा पायऱ्या आहेत, तिथे तिसरा लागेल. त्यांची मजुरी पावतीच्या पैशांतून निघावी.

रेलिंग मात्र कृपा करून ठोकू नका. कातळाला भोकं पाडायची गरज नाही. गर्दी आवरली की खोबण्या पुरतात.

शिट्ट्या आम्ही सहा जण आणून देऊ.

— एक वाचक, सिडको, नाशिक