अंध असल्याचं अर्जात लिहायचं की नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नोकरीविषयक पुरवणीत बायोडेटा कसा असावा यावर लेख आला होता. अनावश्यक वैयक्तिक माहिती गाळा, असा त्यात सल्ला होता. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, एम.कॉम. झाले आहे आणि पुण्यात अकाउंट्समधली नोकरी शोधते आहे. माझं अंधत्व ही आवश्यक माहिती की अनावश्यक, याचा निर्णय प्रत्येक अर्जाला नव्याने करावा लागतो.

अर्जात लिहिलं तर बहुतेक ठिकाणांहून फोनच येत नाही. नाही लिहिलं तर फोन येतो, बोलणं चांगलं होतं आणि मग ऑनलाइन चाचणीची लिंक येते. खरी अडचण तिथे आहे. कॅमेरा चालू हवा, नजर पडद्यावरच हवी, हेडफोन चालणार नाही, खोलीत दुसरा आवाज येता कामा नये. मी संगणक वापरते तो स्क्रीन रीडरवर. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो, मी ऐकते. हेडफोन लावला तर नियम मोडतो. नाही लावला तर शेजारी बसून कुणी उत्तरं सांगतंय, असा संशय घेतला जातो. नजर एका जागी ठेवणं तर माझ्या हातातच नाही. त्यामुळे चाचणीआधी सांगावंच लागतं आणि सांगितलं की पलीकडून विचारणा होते, ‘हे आधी का नाही बोललात?’

एका मुलाखतीत मला विचारलं गेलं की ऑफिसला सोबत कोण येणार, जिन्यात पडलात तर जबाबदारी कुणाची, घरी स्वयंपाक कोण करतं. जीएसटी किंवा बँक रिकन्सिलिएशनबद्दल शेवटपर्यंत एक प्रश्न नाही. दुसऱ्या एका लहान ऑफिसात मात्र साहेबांनी लॅपटॉप पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘यातली तीन महिन्यांवरची येणी काढून दाखवा.’ मी पेन ड्राइव्हवरून एनव्हीडीए हे स्क्रीन रीडरचं सॉफ्टवेअर सुरू केलं, कंट्रोल आणि बाणाची कळ दाबत शीटच्या टोकापर्यंत जाऊन आले, रकाने समजून घेतले, फिल्टर लावला आणि बेरीज सांगितली. मग त्यांनी विचारलं, ‘काय जमत नाही, तेही सांगा.’ मी सांगितलं की हाताने लिहिलेली बिलं मला वाचता येत नाहीत. छापील बिल स्कॅन करून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाला वाचता येतील अशा मजकुरात बदलली, तर चालतं, पण आकडे कुणीतरी एकदा ताडून बघावे लागतात. ती नोकरी मला मिळाली नाही, कारण तिथलं निम्मं काम हस्तलिखित चलनांचं होतं. वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही. मला हवी आहे ती एवढीच वागणूक.

सरकारी भरतीत अंधत्व सांगण्याची जागा तरी ठरलेली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 4 टक्के आरक्षण दिलं, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांचा. परीक्षेत लेखनिक घेता येतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. तिथेही झगडावं लागतंच. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यूपीएससी उत्तीर्ण झाल्या तेव्हा पूर्ण अंध म्हणून त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्या 124 व्या क्रमांकाने आल्या आणि आयएएस झाल्या. मध्य प्रदेशात अंध उमेदवारांना न्यायाधीशपदापासून दूर ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2025 रोजी रद्द केला. सरकारचा नकार कागदावर असतो, त्यावर दाद मागता येते. खासगी कंपनीचा फोन नुसता येईनासा होतो, त्यावर कुठे दाद मागायची?

2016 च्या त्याच कायद्याचं कलम 21 खासगी आस्थापनांनाही लागू आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी कोणती पदं योग्य आहेत, सोयी काय आहेत, संपर्क अधिकारी कोण, हे सगळं त्या धोरणात असायला हवं आणि शक्यतो संकेतस्थळावर दिसायला हवं. अर्ज करण्याआधी मी ते शोधते. क्वचितच सापडतं. ते समोर असेल तर मी पहिल्याच ओळीत लिहीन की मी अंध आहे, स्क्रीन रीडर वापरते, चाचणीला हेडफोनची परवानगी हवी. खर्चाची भीती कुणाला असेल तर एनव्हीडीए पूर्ण मोफत आहे, मराठीही वाचतं.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला नोकरीच्या जाहिराती छापून येतात. जाहिरात स्वीकारताना कंपनीला एक ओळ जोडायला सांगता येईल का? ‘दिव्यांग उमेदवारांनी चाचणीच्या सोयीसाठी या क्रमांकावर संपर्क साधावा’ एवढी पुरे. त्या क्रमांकावर उत्तर देणारा माणूस मात्र खरोखर नेमलेला असावा आणि हेडफोनला हो म्हणण्याचा अधिकार त्याला असावा.

आपली,
एक अंध वाचक, पुणे