साखर नव्हे, सुकवलेली द्राक्षं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकानं इटलीच्या 'विन सांतो' या गोड वाइनला 'साखर कालवलेली दारू' म्हटलंय आणि ती गुलाबजामबरोबर घ्या असा सल्लाही दिलाय. मी २२ वर्षं तासगावात बेदाणा करतोय. दोन्ही गोष्टी झोंबल्या.

लेक फ्लोरेन्सला शिकायला होती तेव्हा ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडं जाऊन आलो. कियांतीच्या टेकड्यांत एका शेतकऱ्यानं 'विन सांतो' दाखवतो म्हणून घरी नेलं. मला वाटलं तळघरात जायचंय, तर गडी जिना चढून माळ्यावर! कौलांखाली काड्यांच्या चटयांवर पांढऱ्या द्राक्षांचे घड पसरलेले, काही तारेला टांगलेले. त्रेबियानो आणि माल्वासिया, दोन जातींचं मिश्रण; आंबटपणा पहिलीचा, वास दुसरीचा. सौ. म्हणाली, "अहो, ही तर आपली शेडच की!"

शेडच, पण निवांत. आपण माल लवकर सुकावा म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकतो, पंधरवड्यात बेदाणा तयार. तिथं काही लावत नाहीत. सप्टेंबरात तोडलेला घड थेट डिसेंबरपर्यंत, कुठं कुठं मार्चपर्यंत सुकत असतो. पाणी उडतं, गोडी आटून घट्ट होते. आपल्याकडं चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे ही साखर कुठून येते ते आम्हाला कुणी शिकवायला नको. मग ते घड पिळून रस लहान पिंपांत भरून, तोंड बंद करून, त्याच माळ्यावर किमान तीन वर्षं ठेवतात. उन्हाळ्यात आंबवण चालतं, थंडीत थांबतं. शेवटी यीस्टच दमतं आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते. हां, बाटलीवर 'लिक्वोरोझो' लिहिलं असेल तर वरून मद्यार्क घातलेला असतो. तो प्रकार वेगळा आणि स्वस्त.

आता खाण्याचं. तिथं सोबत कांतुच्ची देतात, प्रातो गावची बदाम घातलेली, दोनदा भाजलेली कडक बिस्किटं. आपण चहात बटर बुडवतो तशी वाइनमध्ये बुडवून खायची. पारंपरिक कांतुच्चीत लोणी नसतं, म्हणून ती भिजूनही अंग धरते. घरी आल्यावर मी हौसेनं नानकटाई बुडवली, तर निम्मी ग्लासच्या तळाशी! बासुंदीबरोबरही घेऊन पाहिली. बासुंदी जास्त गोड, त्यामुळं वाइन नुसती आंबट लागली. गुलाबजामच्या पाकापुढं तर तिचा काय टिकाव लागणार? तिला खारट सोबत मानवते. त्या शेतकऱ्याच्या घरी गोर्गोन्झोला हे निळ्या बुरशीचं चीज होतं. वासानं मी आधी तोंड फिरवलं, पण एक तुकडा आणि वर एक घोट घेतल्यावर दुसरा तुकडा मागून घेतला. इथं खारवलेले काजू आणि अक्रोड उत्तम जमले.

ग्लास नाकाशी नेला की एप्रिलमधल्या शेडचा वास येतो, एवढंच सांगतो. पुढच्या पुरवणीत साखरेबद्दलची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक बेदाणा उत्पादक
तासगाव, जि. सांगली