तुम्हाला ऐकूच आलं नाही

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रविवारी मी व्हिडिओ कॉलवर फिडल वाजवलं आणि तुम्ही दोघं "छान, छान" म्हणालात. म्हणताना आई बाबांकडे बघत होती आणि बाबा छताकडे. मला तेव्हाच संशय आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत दुसरा फोन ठेवून मी स्वतःलाच कॉल लावला. सुरुवातीला एक खर्रकन आवाज, मग शांतता, मग मधूनच एखादा सूर बुडबुड्यासारखा वर यायचा आणि फुटायचा. झालं असं की या ॲपला बोलण्याचा आवाज तेवढा कामाचा वाटतो. लांब ओढलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर समजून ते कापून टाकतं. ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते, मी केली नव्हती. म्हणजे तुम्ही तीन मिनिटं माझा हलता कोपर पाहिलात आणि वर दाद दिलीत!

मग बाबा, तुम्ही विचारलंत, "याचे काही देतात का गं तुला?" मी "नाही" म्हटलं आणि आईने विषय गुडघ्यांवर नेला. पण प्रश्न रास्त होता, म्हणून हे पत्र.

आधी एक खुलासा. फिडल म्हणजे काही वेगळं वाद्य नाही. तुम्ही सातवीत आणून दिलेलं व्हायोलिनच ते. आयरिश नाचाच्या धुना वाजवायला घेतलं की त्याला फिडल म्हणतात, एवढंच. मात्र मी शिकले होते मांडी घालून, टोक पायावर टेकवून, तारा सा-प-सा-प लावून. इथे खुर्चीत बसून हनुवटीखाली धरायचं आणि तारा जी-डी-ए-ई, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. आपल्याकडे मधल्या दोन तारांत मध्यमाचंच अंतर असतं. त्यामुळे वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी परत सुरुवात केली तेव्हा माझी बोटं सहा महिने चुकीच्या घरात शिरत होती.

दर मंगळवारी रात्री आम्ही दहा-बाराजण खुर्च्या गोल मांडून बसतो. याला सेशन म्हणतात. तोंडं एकमेकांकडे, पाठी लोकांकडे. कार्यक्रम नाही, तिकीट नाही, पहिला कोण आणि शेवटचा कोण हेही ठरलेलं नाही. धून जिग प्रकारची असेल तर तीन-तीनचे दोन गट, आपल्या दादऱ्यासारखं. रील असेल तर केरव्याच्या जवळपास. आठ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) पहिला भाग दोनदा, मग आठ बारांचा दुसरा भाग दोनदा, आणि हा दुसरा भाग बहुतेक वेळा वरच्या सुरांत चढतो. आई, म्हणजे स्थायी आणि अंतराच की! 32 बार झाले की पुन्हा पहिल्यापासून. असं दोन-तीनदा झालं की न थांबता पुढच्या धुनेत उडी मारायची. ती कोणती, हे वाजवणारा कधी भुवईने सांगतो, कधी सांगतच नाही.

एक अलिखित नियम आहे: धून येत नसेल तर गज मांडीवर ठेवायचा. अंदाजाने सूर शोधत बसायचं नाही. मी पहिले आठ महिने बहुतेक मांडीवरच गज ठेवून बसले. घरी जाताना डोक्यात जे उरेल ते दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी काढायचं. आज मला साधारण 90 धुना येतात. माझ्या डावीकडे बसणाऱ्या आजोबांना किती येतात ते त्यांनाही माहीत नसावं, कारण नाव विचारलं की ते म्हणतात, "नाव राहू दे, ही वाजव."

आता पैशांचं. बाबा, तुम्हाला आवडेल असा एक माणूस सांगते. फ्रान्सिस ओ'नील, 1901 ते 1905 शिकागोच्या पोलीस खात्याचा प्रमुख. मूळचा आयर्लंडचा. नोकरी सांभाळून तो धुना गोळा करायचा, पण त्याला स्वरलेखन येत नव्हतं. मग तो वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचा आणि खात्यातलाच जेम्स ओ'नील नावाचा व्हायोलिन वाजवणारा सहकारी ते उतरवून घ्यायचा. आडनाव तेच, नातं काही नाही. 1903 साली त्यांनी 1,850 धुनांचं पुस्तक काढलं. ते आजही वापरात आहे. ड्यूटी संपवून बसणाऱ्या दोन पोलिसांनी केलेलं काम हे. आई म्हणते ना, हौसेला मोल नाही. माझंही तसंच समजा.

आणि मायकल कोलमन. तो आयर्लंडमधल्या स्लायगोचा फिडलवाला, न्यूयॉर्कला गेला आणि 1920च्या दशकात त्याच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. बाबा, गायिका गौहर जानने 1902 मध्ये तेवढ्याच वेळात राग बसवला, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. कोलमनच्या तबकड्या बोटीने परत आयर्लंडला पोचल्या आणि तिथले लोक त्याच्यासारखं वाजवायला लागले. मी त्या ऐकते, रोज ऐकते. पण खरं सांगू? त्यातून गज कुठे वळतो ते मला कधीच कळलं नाही. ते कळलं त्या आजोबांच्या शेजारी बसून. एकाच गजात तीन सूर घेताना ते तिसऱ्यावर किंचित दाबतात, आणि तो दाब हाताच्या आधी त्यांच्या बुटात दिसतो. तबकडीत बूट दिसत नाही.

आता फजिती. गेल्या हिवाळ्यात आम्हाला नाचाला साथ करायला बोलावलं. आठजणांचा नाच, दोन-दोनच्या जोड्या, माणसं तयार उभी. मी पहिल्यांदाच अशी पुढे बसले होते. हीटरमुळे खोलीतली हवा कोरडी, लाकूड आकसलेलं. दुसऱ्या आवर्तनात ए तारेची खुंटी कर्र करून सुटली आणि तार लोंबायला लागली. नाच थांबवता येत नाही, कारण पाय हवेत असतात. मी काय केलं असेल? गज तारांवरून एक बोटभर वर उचलला आणि सगळ्यांबरोबर हलवत राहिले. पूर्ण 64 बार मी हवा वाजवली. शेजारचे आजोबा माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "आज सुरात आहेस."

मला तेव्हा नववी आठवली. स्टेजवर अंतरा विसरले, तीनदा स्थायीच वाजवली आणि पडदा पडायच्या आत उतरले. घरी येताना बाबा, तुम्ही रिक्षात एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं तुम्हाला लाज वाटली. दहावीचं निमित्त करून मी व्हायोलिन माळ्यावर टाकलं ते त्यामुळे. मागच्या वर्षी आई सहज बोलून गेली की त्या रात्री तुम्ही तिला म्हणालात, "पोरगी तीन वेळा स्थायी अगदी लयीत वाजवून गेली." हे रिक्षात सांगितलं असतंत तर? जाऊ दे, तक्रार नाही करत. तुम्हाला तरी कुठे कुणी शिकवलं होतं तसं बोलायला.

आई, पेटीत व्हायोलिनवर अजून तुझ्या त्या निळ्या सुती साडीचा तुकडा असतो. गजाला लावायच्या रोझिनची, म्हणजे राळेची, पांढरी पूड बसून त्याचा रंग आता ओळखू येत नाही. धुवायचा धीर होत नाही.

बाबा, एक कामाचं. कानाला यंत्र लावल्यापासून रेडिओवरचं व्हायोलिन कर्कश आणि तुटक लागतं म्हणालात. त्यात तुमच्या कानाचा दोष नसेल. ते यंत्र बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेलं असतं. संगीतासाठी पुष्कळ यंत्रांत वेगळा प्रोग्राम असतो, ऑडिओलॉजिस्टला तो चालू करून द्यायला सांगा. आईला बरोबर न्या, नाहीतर तुम्ही "ठीक आहे" म्हणून परत याल. मीही आता डाव्या कानात छोटा बोळा घालते. व्हायोलिन त्याच कानाशी असतं आणि ई तार फार टोचते.

पुढच्या महिन्यात पंधरा दिवसांसाठी येते आहे. व्हायोलिन हातातल्या सामानातच आणीन. मधल्या खोलीत वाजवीन, मध्ये फोन नाही, ॲप नाही. एक जिग तयार ठेवली आहे, फार वेगात नाही. बाबा, तुम्ही पूर्वी टेबलावर बोटांनी दादरा धरायचात तसा धरा. दुसऱ्या भागात मी जरा पळते, तिथे मागे ओढा.

आईने विषय बदलायचा नाही.

तुमची,
धाकटी