पहारीने फोडलेली जाळी

महोदय,

गाडी ओढत नाही म्हणून एका गॅरेजवाल्याने माझ्या पुतण्याच्या कारच्या सायलेन्सरमधली 'जाळी' (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पहारीने फोडून काढली. तुकडे मी घरी आणले. सातपूरच्या टूलरूममध्ये तीस वर्षं डाय (साचे) घासले, त्यामुळे जीव हळहळला. ही जाळी कॉर्डिएराइट या सिरॅमिकची; तिची ओली माती शेवयांसारखी डायमधून दाबतात; पण इथे डायच्या खाचांतून भिंती घडतात आणि पिनांच्या जागी भोकं राहतात. चौरस इंचाला साधारण 400 भोकं, भिंत जाड कागदाएवढी! वाळताना एक बाजू आधी सुकली की तडा. मग सुमारे 1400 अंशांची भट्टी. अशी जाळी वितळून तुंबते ती बहुधा मिसफायरमुळे, म्हणजे ठिणगी चुकून न जळलेलं इंधन जाळीत जाऊन पेटल्यामुळे. इलाज प्लगचा, कॉइलचा करायचा. पीयूसी काढताना जाळी जागेवर आहे का, हेही तपासावं.

– एक निवृत्त टूलमेकर, नाशिक