काका, पुढच्या प्रिंटवर तुमचा शिक्का हवा

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

प्रदर्शन संपलं, प्रिंट भिंतीवरून उतरले, तेव्हा आता लिहायला बसले आहे. पत्र जाहीर लिहिते आहे, कारण दालनातल्या पाटीवर एकटं माझं नाव होतं, आणि ते प्रिंट छापले तुम्ही. तुमचं नाव इथेही लिहीत नाही, ती तुमचीच अट. पण तुम्ही काय करता ते लोकांना कळायलाच हवं.

मी तुमच्या स्टुडिओत आले ती तैलरंगात काम करणारी चित्रकार म्हणून. कॅनव्हाससमोर माणूस एकटा असतो, एचिंगमध्ये ज्या झिंकच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून कागदावर छाप घेतात, तिला मात्र एकट्याने पुरं पडता येत नाही. कडा कानसीने उतरत्या करायच्या, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो आणि प्रेसच्या रोलरखालचं लोकरी ब्लँकेटही कापलं जातं. मग मेण, राळ आणि डांबर यांचा थर, त्यावर सुईने रेषा, मग नायट्रिक ॲसिड. एवढं पुस्तकात मिळतं. रेषेवर जमणारे बुडबुडे पिसाने किती हलके सारायचे, त्यांच्या वेगावरून ॲसिडचा जोर कसा ओळखायचा, हे तुमच्या शेजारी उभं राहूनच शिकले. आणि मुंबईची हवा! पावसाळ्यात ॲक्वाटिंटसाठीची, म्हणजे रेषेऐवजी सलग छटा मिळवण्यासाठीची, राळेची भुकटी ओल धरते, गुठळ्या होतात, प्लेटवर एकसारखी बसत नाही. मे महिन्यात शाई ढिली पडते आणि रेषेबाहेर पसरते. तुम्ही राळेची पुरचुंडी आदल्या दिवसापासून बल्बच्या उबेला ठेवायचात, शाईत मॅग्नेशियम कार्बोनेटची चिमूट घालून ती घट्ट करायचात, आणि यात काही विशेष आहे असं तुमच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

सगळ्यात जास्त मी पाहिला तो तुमचा तळहात. खळीच्या जाळीदार कापडाने वरची शाई निघाली की शेवटचा हात तळव्याचा. खडूची पूड लावलेला तळवा प्लेटवरून निसटता जातो, रेषेतली शाई रेषेतच राहते आणि मोकळ्या जागेवर धुरकट टोन उरतो. तो टोन एका प्रतीत साधणं मलाही जमतं. अख्ख्या एडिशनमध्ये, म्हणजे एका प्लेटच्या सगळ्या प्रतींत, तो तसाच राखणं हे तुमचं काम. पहिली आणि शेवटची प्रत शेजारी ठेवून मी कितीदा तरी पाहिली आहे, फरक सापडत नाही.

दालनात येणारे विचारतात, "मूळ चित्र कुठे आहे?" मी त्यांना सांगते, हेच मूळ. प्लेट म्हणजे चित्र नव्हे. ओला कागद रेषेत शिरून शाई उचलून घेतो तेव्हा कुठे चित्र जन्माला येतं, आणि त्या वेळी प्रेसचं चाक तुमच्या हातात असतं.

व्हिस्कॉसिटी, म्हणजे शायांच्या कमी-जास्त घट्टपणाच्या जोरावर एकाच प्लेटवरून अनेक रंग छापायची रीत, तुम्ही मला समजावलीत ती दोन रोलर हातात देऊन. कडक रोलरने तेलकट शाई प्लेटच्या उंच भागावर, मऊ रोलरने घट्ट शाई खोल भागात. तेलकट शाई घट्ट शाईला जवळ येऊ देत नाही, म्हणून एकाच प्लेटवर रंग वेगवेगळे राहतात आणि प्रेसमधून एकदाच जाऊन पूर्ण चित्र निघतं. पॅरिसमध्ये इंग्रज मुद्राचित्रकार हेटर यांच्या 'आतलिए 17' या स्टुडिओत हे तंत्र घडलं. त्यात शांतिनिकेतनात शिकलेले कृष्णा रेड्डी होते आणि मुंबईचे कायको मोतीही होते. मोतींचं नाव मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. आपल्याच शहरातला हा माणूस आपल्याच चित्रकारांना इतका कमी माहीत असावा, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुद्राचित्रकार झरीना हाश्मींचं काम मला कळलं तेही तुमच्यामुळे. 'होम इज अ फॉरेन प्लेस' ही त्यांची 1999 ची 36 वुडकटची, म्हणजे लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांची, मालिका. घर, उंबरठा, अंगण अशा कल्पना मोजक्या काळ्या रेषांत, खाली उर्दू शब्द. माझ्या चाळीच्या नकाशांची मालिका तिथून सुरू झाली. मी प्लेट रेषांनी भरत सुटले की तुम्ही एवढंच म्हणायचात, "कागदाला थोडा श्वास घेऊ दे, बाई."

आता मुद्द्याचं. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये गिरगावात लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावरून चित्रं छापण्याचा, छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांतल्या देव्हाऱ्यांत पोचल्या. चित्राखाली छापखान्याचं नाव असे. एकेका रंगासाठी वेगळा दगड घासून तयार करणाऱ्या, रंगावर रंग अचूक बसवणाऱ्या कारागिरांची नावं नसत. याहून वेगळी रीतही जगात आहे. लॉस एंजेलिसला 1960 मध्ये सुरू झालेल्या टॅमरिंड कार्यशाळेत छापणाऱ्याचा स्वतःचा छोटा, बिनशाईचा शिक्का कागदाच्या कडेला उठवतात. आणि फ्रेंच कार्यशाळांची जुनी पद्धत अशी, की कलाकाराने "याबरहुकूम छापा" म्हणून पसंत केलेली प्रत शेवटी छापणाऱ्याची होते.

त्या पद्धतीला धरून चाळीच्या मालिकेतली पसंतीची प्रत या पत्राबरोबर पाठवते आहे. ती तुमची आहे, नाही म्हणू नका. काकूंना आवडली तर भिंतीवर लावा.

आणि शिक्क्याचं मी ठरवलंय. नाव नको असेल तर नाव घालणार नाही, एखादी खूण चालेल. पण कागदावर माझ्या पेन्सिलच्या सहीशेजारी तुमची खूण असलीच पाहिजे. काय ठेवायची ते या आठवड्यात कळवा. गणपतीनंतर नवी एडिशन धरायची आहे, त्याआधी शिक्का करून घेते.

तुमची,
संध्याकाळच्या पाळीतली विद्यार्थिनी